शंभर काजव्यांना पंचवीस सेंट

मे संपता संपता भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीला काजवे बघायला गर्दी उसळते आणि त्यात कोणीतरी विचारतंच, अरे हा भाजत कसा नाही? अख्खा हिरडा लुकलुकतोय आणि हातावर घेतलेला काजवा मात्र गार. हा उजेड येतो तरी कशातून, याचा छडा लागायला तीनेकशे वर्षं गेली.

१६६८ च्या सुमारास रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञाने बुरशीमुळे चमकणारं कुजकं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून हवा खेचून घेतली, उजेड गेला, हवा परत सोडली तर उजेड परत हजर. हवा लागते एवढं कळलं आणि गाडी तिथेच अडकली, ऑक्सिजन हा प्रकारच तेव्हा कोणाला माहीत नव्हता.

मग थेट १८८५, फ्रान्सचा शास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ. याच्याकडे काजवा नव्हता, वेस्ट इंडीजकडचा एक चमकणारा भुंगा होता. त्याचा उजेडाचा भाग त्याने थंड पाण्यात कुटला, तो जरा वेळ चमकून विझला. दुसरा गरम पाण्यात टाकला, तो लगेच विझला. मग गरम पाणी निवू दिलं आणि दोन्ही एकत्र ओतलं तर मेलेल्या भुंग्याचं पाणी परत चमकायला लागलं! म्हणजे थंड पाण्यात जळणारा माल संपला होता पण तो पेटवणारं एन्झाइम शाबूत होतं, आणि गरम पाण्यात नेमकं उलटं. मालाला ल्युसिफेरिन, एन्झाइमला ल्युसिफरेज ही नावं त्यानेच दिली.

पण खरी मजा अमेरिकेतल्या बाल्टिमोरची. तिथे विल्यम मॅकएलरॉय या संशोधकाला काजवे पोत्याने हवे होते, तर त्याने सरळ गावातल्या पोरांना शंभर काजव्यांमागे पंचवीस सेंट देऊ केले. पोरांना काय, संध्याकाळी तेच तर उद्योग. १९४७ मध्ये त्याने दाखवलं की या उजेडाला एटीपी लागतं, म्हणजे आपल्याही पेशी ज्यावर चालतात तेच इंधन. दहा वर्षांनी साधारण १५,००० काजव्यांतून शुद्ध ल्युसिफेरिन निघालं ते फक्त ९ मिलिग्रॅम!

एटीपी असेल तिथे जिवंत काहीतरी आहे किंवा होतं, म्हणून आज डेअरीत, मोठ्या किचनमध्ये ओट्यावरून कापसाचा बोळा फिरवून त्या बोळ्याला ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज लावतात, जास्त चमकलं की ओटा परत धुवा. १९८५ मध्ये ल्युसिफरेजचं जीनच हाती लागलं, तेव्हापासून ल्युसिफरेज बॅक्टेरियाकडून बनवून घेता येतं, काजवे पकडत बसायला नको. बाटलीत काजवे भरणारे भंडारदऱ्याला भेटतात ते वेगळे.