पिनकोडला भाषा नसते

वेबसाइट आणि अ‍ॅप बनवणारे दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात: माणूस राहतो कुठे आणि माणूस वाचतो काय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांना हा घोळ समजावून सांगायची गरज नाही, ते रोज भोगतातच. पण इथलीच पोरं बेंगळुरू-पुण्यात नोकरीला लागतात आणि नव्या अ‍ॅपात पुन्हा तेच करून ठेवतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ठिकाणाबद्दल फार बोलत नाही, ते सगळ्यांना येतं. जीपीएस, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), पिनकोड यांवरून ते काढता येतं, आणि काढावंही. माल कुठे पोचवायचा, भाडं किती, कर कुठला, हे सगळं त्यावरच ठरतं. बेळगावच्या दुकानातला माल शेजारच्या, पण महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात विकला की राज्याचा जीएसटी कोड कर्नाटकाच्या २९ चा महाराष्ट्राचा २७ होतो आणि सीजीएसटी-एसजीएसटीच्या (केंद्राचा आणि राज्याचा कर) जागी आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर) लागतो. गिऱ्हाईक घरात काय बोलतं याचा इथे काडीचाही संबंध नाही. आयपीवरून काढलेलं ठिकाण मात्र कच्चं धरा. मोबाइल कंपनीचं इंटरनेट ज्या शहरातून बाहेर पडतं तिथला पत्ता दिसतो, त्यामुळे निपाणीतला माणूस बेंगळुरूत बसल्यासारखा वाटू शकतो.

भाषेचं तसं नाही. ती मोजून, शोधून हाती लागत नाही, विचारावी लागते. राज्यांची रेघ १९५६ साली आखली गेली, बोलणारे आपापल्या जागीच राहिले. आज एकाच घरात, एकाच वायफायवर आजी फक्त मराठी वाचते, सुनेला मराठी-कन्नड दोन्ही येतात आणि नातू शाळेमुळे कन्नड किंवा इंग्रजीच भराभर वाचतो. तिघांचा पिनकोड एकच. महाराष्ट्रातल्या जत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड वाचणाऱ्यांना हाच त्रास उलट्या बाजूने होतो, त्यांच्यापुढे मराठी आदळते.

बरं, माणसाने आपली आवड आधीच सांगूनही ठेवलेली असते. ब्राउझर प्रत्येक पान मागताना अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज नावाची नोंद पाठवतो, त्यात भाषांची क्रमवार यादी असू शकते: आधी मराठी, मग कन्नड, मग इंग्रजी. ती वाचायचं सोडून आयपी बघत बसणं मला कळत नाही. ही यादीही अंतिम मानू नये, हे खरं. पुष्कळांचा फोन दुकानदाराने इंग्रजीत लावून दिलेला असतो आणि तो तसाच राहतो. म्हणून पहिला अंदाज यादीवरून करा, शेवटचा शब्द वाचणाऱ्याचा ठेवा. त्याने एकदा मराठी निवडली की ती लक्षात राहिली पाहिजे. दर खेपेला आयपी बघून परत कन्नड पानावर ढकलणारी साइट मी तरी बंद करून टाकतो. असं आपोआप ढकलू नका, असं गूगलही साइटवाल्यांना सांगतं. त्याचा पानं गोळा करणारा बॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यावरून येतो, त्याला तुमची मराठी पानं दिसायचीच नाहीत.

सगळ्यात वाईट प्रकार फॉर्ममध्ये होतो. वर भाषा मराठी केली की खाली राज्य आपोआप ‘महाराष्ट्र’. मग जिल्ह्यांच्या यादीत बेळगाव नाही, पिनकोड टाकला की ‘चुकीचा पिनकोड’, आणि भाषा बदलताना आधी भरलेलं सगळं पुसलेलं. मग आमच्याकडची माणसं काय करतात? मुकाट्याने इंग्रजी निवडतात. कंपनीच्या आकडेवारीत दिसतं, बेळगावात मराठी कुणालाच नको आहे. पुढच्या आवृत्तीतून मराठी गायब.

याचं मूळ डेटाबेसमध्ये असतं. ‘लोकेल’ नावाचा एकच रकाना करून भाषा आणि ठिकाण दोन्ही त्यात कोंबलेली असतात. गंमत म्हणजे प्रमाण कोडमध्ये भाषेच्या पुढे जो प्रदेश लिहितात तो सहसा देश असतो. मराठी-भारत, कन्नड-भारत. त्यात राज्य नसतंच. मराठीला महाराष्ट्राची गाठ मारली ती प्रोग्रामरने स्वतः. दोन रकाने करा, आणि एक बदलला म्हणून दुसऱ्याला हात लावू नका.

किरकोळ गोष्टी भरभर सांगतो. भाषेच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत हवं. न कळणाऱ्या भाषेतल्या सेटिंगमध्ये शिरून आपली भाषा शोधायला लावणं हा छळ आहे. ते बटण लॉगिनच्या आधी हवं, नंतर नव्हे. भाषेसमोर झेंडे लावू नका. हिंदीपुढे तिरंगा ठेवला तर मराठीपुढे काय ठेवणार? देवनागरी दिसली म्हणून पानाला हिंदीचा कोड देऊ नका, नाहीतर स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचतो. आणि बेळगावचं सरकारी नाव २०१४ साली ‘बेळगावी’ झालं असलं तरी शोधात जुनं आणि नवं, दोन्ही चालली पाहिजेत.

तुमचं अ‍ॅप तपासायचं असेल तर पिनकोड ५९०००१ टाका, भाषा मराठी ठेवा आणि एक ऑर्डर शेवटपर्यंत पूर्ण करा. स्क्रीनवर थांबू नका. ओटीपीचा एसएमएस, ईमेल आणि पावतीची पीडीएफही उघडून बघा, कारण ते भाग बहुधा दुसऱ्याच टीमने राज्य बघून लिहिलेले असतात. मग तेच सगळं जतचा पत्ता आणि कन्नड भाषा घेऊन करा.