पन्नाशीला खांदा सुटतो, आवाज नाही

ज्यू धर्मशास्त्रात उतारवयाचा प्रश्न येतो तोच मुळी ओझ्यावरून. इजिप्तमधून सुटलेल्या इस्राएलींच्या वाळवंटातल्या प्रवासात निवासमंडप, म्हणजे देवपूजेचा फिरता तंबू, मोडायचा, वाहायचा आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा उभारायचा, हे काम लेवी वंशाकडे होतं. फळ्या, खांब, पडदे नेणाऱ्या दोन कुळांना मिळून 6 गाड्या आणि 12 बैल मिळाले. लेवींच्याच तिसऱ्या, कहाथी कुळाला एकही नाही. कराराचा कोश (देवाशी झालेल्या कराराच्या शिलापाट्यांची पेटी), मेज, दीपवृक्ष आणि वेद्या त्यांनी खांद्यावरूनच न्यायच्या.

म्हणून बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात वयाची अट आहे: 25 व्या वर्षी कामावर रुजू, 50 व्या वर्षी मोकळा. चौथा अध्याय मात्र 30 ते 50 सांगतो. तालमूदने, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथाने, त्याचा मेळ असा घातला, की आधीची 5 वर्षं उमेदवारीची. लोक बहुधा 'मोकळा' या शब्दापाशीच थांबतात आणि त्याला निवृत्ती समजतात. पुढचंच वचन म्हणतं, त्याने भाऊबंदांच्या हाताखाली राखणीला मदत करावी. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी कामंही मोजून देतो: दारं लावणं, गाणं, गाड्या भरणं. तालमूदचा हुल्लीन हा खंड आणखी पुढे जातो. वयाची अट खांद्यावर वाहण्यापुरतीच होती. शिलो आणि यरुशलेमला कोश एका जागी स्थिरावल्यावर ती उरली नाही. तिथे लेवी बाद व्हायचा तो फक्त आवाज गेला तर.

सुमारे 200 सालच्या मिश्नेतला, म्हणजे तालमूदच्या मुळाशी असलेल्या संहितेतला, 'अवोथ' हा भाग वयांची यादी देतो: 30 ला ताकद, 50 ला सल्ला, 60 ला वार्धक्य, 70 ला पिकले केस, 80 ला 'गवुरा', म्हणजे पराक्रम. हा शेवटचा शब्द बायबलमधल्या 90 व्या स्तोत्रातून उचललेला आहे. आयुष्य 70 वर्षांचं, आणि ताकद असली तर 80, असं ते स्तोत्र म्हणतं. तिथला सूर खरं तर विलापाचा. त्या वर्षांत कष्ट आणि दुःखच, असं लगेच पुढे येतं. यादीने विलाप सोडला, शब्द ठेवला. पण ती खोटा दिलासाही देत नाही: 90 ला पाठ वाकते, हे तिने लिहून ठेवलंय. याच 70 च्या हिशोबावर 83 व्या वर्षी दुसरं बार मित्स्वा (मुलगा 13 वर्षांचा झाल्यावरचा संस्कार) करायची प्रथा पुढे काहींनी सुरू केली: 70 ला एक आयुष्य पुरं, त्यानंतरची ही पुन्हा 13 वर्षं.

धैर्याचा दाखला म्हणून नेहमी कालेब पुढे केला जातो. वयाच्या 40 व्या वर्षी तो इस्राएलींना देऊ केलेला कनान देश हेरून आला आणि 85 व्या वर्षी मोशेनंतरचा नेता यहोशवा याच्याकडे त्याने हेब्रोनचा डोंगराळ मुलूख मागितला, जिथे अनाकी नावाचे धिप्पाड लोक आणि तटबंदीची नगरं होती. तो दंड थोपटतो खरा, पण त्याचा दावा 45 वर्षांपूर्वी त्याला दिलेल्या शब्दावर आहे. हे विसरलं की कथेची व्यायामशाळेतली जाहिरात होते.

त्याच्याशेजारी 80 वर्षांचा बर्जिल्लय वाचायला हवा. राजवाड्यात राहायला ये, असं दावीद राजा त्याला म्हणतो. हा सांगतो, मला आता अन्नाची चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही, माझ्याऐवजी किम्हामला (हा बहुधा त्याचा मुलगा) ने. आणि राजाला यार्देनपलीकडे पोचवून परत फिरतो. मला हा नकार कालेबच्या मागणीइतकाच धीट वाटतो. तालमूदमध्ये रव नावाचा पंडित मात्र त्याला सरळ खोटारडा ठरवतो. पुरावा? 'रब्बी', म्हणजे मिश्नेचा संपादक यहूदा हनासी, याच्या घरात 92 वर्षांची एक दासी होती, ती अजून पातेल्यातल्या पदार्थांची चव घेऊन बघायची.

भीतीही दडवलेली नाही. 71 व्या स्तोत्रात एकटा माणूस विनवतो: म्हातारपणी मला टाकू नकोस, शक्ती सरल्यावर सोडू नकोस. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशीच्या 'श्मा कोलेनू' ('आमचा आवाज ऐक') प्रार्थनेत हेच वचन येतं, फक्त 'मला'चं 'आम्हाला' झालेलं असतं. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या, रिवाजात तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्यांची पेटी उघडून आधी हझ्झान, म्हणजे प्रार्थना गाणारा, ते म्हणतो, मग सगळी मंडळी, नुकताच 13 वर्षांचा झालेला मुलगासुद्धा.