धार्मिक शिक्षणसंस्थांतील गणवेश व धर्मचिन्हे (नाशिक)

धर्मसंस्थेने चालवलेल्या किंवा धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत ठरवून दिलेला वेश आणि त्यासोबत अंगावर असणारी जानवे, क्रूस, टोपी, ओढणी, कडे यांसारखी चिन्हे. संस्थेने सर्वांना दिलेले चिन्ह (उदा., बिल्ल्यावरील क्रूस) आणि विद्यार्थी घरून घेऊन येतो ते चिन्ह यांत भेद करावा लागतो. वाद बहुधा दुसऱ्या प्रकाराबाबत होतात.

पंचवटी व त्र्यंबकेश्वर येथील वेदपाठशाळांत बटू धोतर, उपरणे, शेंडी, गंध व जानवे अशा वेशात अध्ययन करतात. नाशिक हे शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे जुने केंद्र. या वेशाला आज गणवेश म्हटले, तरी त्याचे मूळ उपनयनात आहे आणि तेथे सर्वांनी सारखे दिसावे हा हेतू नव्हता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अजिन (अंगावर घ्यायचे कातडे), मेखला (कमरेची दोरी) व दंड वर्णपरत्वे वेगळे आहेत : मेखला ब्राह्मणाची मुंज गवताची, क्षत्रियाची मूर्वेची, वैश्याची तागाची. ‘मुंज’ हे संस्काराचे मराठी नाव या मेखलेवरूनच आले.

जानव्याच्या मूळाविषयी मतभेद आहेत. तैत्तिरीय आरण्यकात (२.१) उपवीत, म्हणजे जानवे, अजिनाचे किंवा वस्त्राचे सांगितले आहे. आपस्तंब धर्मसूत्र (सामान्यतः इ. स. पू. सहावे ते तिसरे शतक यांदरम्यानचे) गृहस्थाने नेहमी उत्तरीय (अंगावरचे वरचे वस्त्र) घ्यावे असे सांगून पुढे ‘अपि वा सूत्रमेवोपवीतार्थे’, म्हणजे उपवीतासाठी नुसते सूत्रही चालेल, अशी मुभा देते. यावरून धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी मूळ उपवीत म्हणजे विशिष्ट रीतीने घेतलेले उत्तरीयच, दोरा हा त्याचा नंतरचा पर्याय, असे मत मांडले. सूत्र आरंभापासूनच होते, ही परंपरेची धारणा. मात्र ‘अपि वा’ या शब्दांचा उलगडा काणे यांच्या मताने अधिक सरळ होतो. ते ग्राह्य धरल्यास बटूच्या अंगावर, उपरणे आणि जानवे या रूपांत, एकच वस्त्र दोनदा दिसते.

ख्रिस्ती शिक्षणाची परंपरा चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वसाहतीपर्यंत (१८५४) जाते. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुले येथे शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला गेलेला जेकब वेनराइट त्यांपैकीच. देवळालीचे बार्न्स स्कूल १९२५ मधले. बा. शि. मुंजे यांच्या भोसला सैनिकी शाळेत (१९३७) वेश लष्करी धर्तीचा आहे. धर्मसंदर्भ ‘रामदंडी’ या विद्यार्थ्यांच्या संबोधनात आढळतो. मालेगावच्या मदरशांत पांढरा कुडता-पायजमा व टोपी रूढ आहे. तेथील उर्दू माध्यमाच्या शाळा मात्र याच वर्गात घालणे चूक ठरेल. त्यांचा आधार भाषा आहे.

संविधानाचा अनुच्छेद २८(३) शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत संमतीविना धर्मशिक्षण व उपासना लादण्यास मनाई करतो. वेशाचा त्यात उल्लेख नाही. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाचा आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना संस्था चालवण्याचा हक्क देतो. ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळेतील डोक्यावरील रुमाल व पूर्ण बाह्यांचा सदरा यांविषयी केरळ उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संस्थेचा हक्क वरचढ मानला. तो निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाही. कर्नाटकातील हिजाब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी परस्परविरुद्ध निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे गेले.