धनुष्कोडी रेल्वे स्थानक

धनुष्कोडी रेल्वे स्थानक : तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात पांबन बेटाच्या आग्नेय टोकाजवळ असलेले, १९६४ पासून बंद पडलेले रेल्वे स्थानक. रामेश्वरमपासून ते रस्त्याने सुमारे १८ किमी. अंतरावर आहे. १९१४ पासून पन्नास वर्षे ते मीटरगेज मार्गाचे शेवटचे स्थानक होते आणि सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जाणारी आगबोटही तेथूनच सुटत असे. २२-२३ डिसेंबर १९६४ च्या रात्री आलेल्या चक्रीवादळात स्थानक, धक्का, लोहमार्ग आणि सभोवतालचे गाव उद्ध्वस्त झाले. त्यानंतर येथे गाडी आलेली नाही.

धनुष्कोडी वादळाने संपवले, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच रात्री मोडलेला, बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा पूल दीड महिन्यात पुन्हा उभा राहिला. पुलापासून धनुष्कोडीपर्यंतचे साधारण २४ किमी. रूळ मात्र पुन्हा कधीच टाकले गेले नाहीत. हे गाव रेल्वेच्या आणि बोटीच्या जिवावर वाढले होते. ती दोन्ही दुसरीकडे गेल्यावर तेथे परतण्याचे कारण उरले नाही.

स्थानकाची गरज का पडली

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रासहून कोलंबोला जाणारा प्रवासी रेल्वेने तूत्तुकुडीला (तेव्हाचे तुतिकोरिन) येई आणि तेथून आगबोटीने पुढे जाई. तूत्तुकुडीचा किनारा उथळ असल्याने मोठी बोट कित्येक मैल आत समुद्रात उभी राही. तिथवर लहान लाँचमधून हेलकावे खात जायचे आणि मग पुढचा लांबचा समुद्रप्रवास करायचा, असा तो सगळा प्रकार होता. साउथ इंडियन रेल्वे कंपनी जवळच्या वाटेच्या शोधात होती, आणि ती वाट नकाशावर स्पष्ट दिसत होती. पांबन बेटाचे टोक आणि पलीकडचे सिलोनमधील तलाईमन्नार यांत जेमतेम ३५ किमी. अंतर आहे. मधल्या उथळ समुद्रात वाळूच्या बेटांची आणि खडकांची रांग आहे. आपण तिला रामसेतू म्हणतो, इंग्रजी नकाशांत ती आदमचा पूल म्हणून नोंदलेली आहे. या रांगेवरूनच थेट लोहमार्ग नेण्याचा विचारही झाला होता. खर्चापायी तो मागे पडला आणि त्याऐवजी अलीकडे रेल्वे, पलीकडे रेल्वे व मध्ये बोट अशी योजना ठरली. थेट मार्ग झाला असता तरी डबे कोलंबोपर्यंत गेले नसतेच : इकडचे रूळ मीटरगेज होते, सिलोनमधले त्याहून रुंद, ब्रॉडगेज.

मुख्य भूमीवरचा मार्ग १९०२ मध्ये मंडपमपर्यंत पोचला. पुढे पांबनची खाडी आडवी येत होती. तिच्यावरील सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या पुलाचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी पूल खुला झाला. जहाजांना वाट देण्यासाठी मध्यभागी दोन पाकळ्यांसारखा उघडणारा लोखंडी गाळा बसवला होता. विल्यम शेर्झर या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने तो ओळखला जातो. यंत्राची मदत नव्हती. रेल्वेची माणसे दोन्ही बाजूंना दांडे फिरवून या पाकळ्या हाताने उचलत.

पूल ओलांडल्यावर पांबन स्थानकात मार्ग दोन दिशांना फुटत असे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या रामेश्वरकडे गेला तो फाटा, आणि दोन समुद्रांमधल्या निमुळत्या वाळूच्या पट्टीवरून धनुष्कोडीकडे गेला तो मुख्य मार्ग. कंपनीच्या दृष्टीने या स्थानकाचे मोल काय होते, हे एवढ्यावरूनच कळते. यात्रेकरू फाट्यावर, टपाल आणि सिलोनचे प्रवासी मुख्य मार्गावर.

बोट मेल

मद्रासच्या एग्मोर स्थानकातून सुटणाऱ्या या गाडीला लोक ‘बोट मेल’ म्हणत. इंडो-सिलोन एक्सप्रेस हेही तिचे नाव होते. एग्मोरला काढलेले तिकीट कोलंबो फोर्टपर्यंत चालत असे. गाडी धनुष्कोडीला पोचली की प्रवासी धक्क्यावर उभ्या असलेल्या बोटीत चढत, सुमारे दोन तासांत तलाईमन्नारच्या धक्क्यावर उतरत आणि तेथे थांबलेल्या सिलोन रेल्वेच्या गाडीत बसत. सुरुवातीच्या बोटींची नावे ‘कर्झन’, ‘एल्गिन’ आणि ‘हार्डिंग’. पुढे ‘आयर्विन’ आणि ‘गोशेन’ आल्या. लाटसाहेबांच्या नावाखेरीज बोट पाण्यात उतरत नसावी, असे वाटावे अशी ही यादी आहे.

साहेबांची छायाचित्रे जुन्या जाहिरातींत सापडतात, पण या मार्गावरचा मोठा उतारू वेगळा होता. सिलोनच्या चहामळ्यांत राबण्यासाठी तमिळ मुलखातील दुष्काळी, भूमिहीन कुटुंबे याच वाटेने जात. मुकादमाचे काम करणारा ‘कंगाणी’ आपल्या गावातून व जातभाईंतून माणसे गोळा करी. त्यांना थेट बोटीत बसू देत नसत. पुलाच्या अलीकडे मंडपमला सिलोन सरकारची विलगीकरण छावणी होती. तेथे काही दिवस ठेवून लस टोचणे, कपडे व सामान निर्जंतुक करणे, नोंदी घेणे असे सोपस्कार होत आणि मगच धनुष्कोडीची गाडी मिळे. दुसऱ्या देशाच्या सरकारची छावणी भारताच्या भूमीवर, ही व्यवस्था आज विचित्र वाटते. दोन्हीकडे एकच साम्राज्य असल्याने तेव्हा कोणाला ती खटकली नाही.

गाव वाढले ते या वर्दळीमुळे. स्थानकाभोवती रेल्वे कर्मचाऱ्यांची घरे, टपाल कचेरी, कस्टमची कचेरी, दवाखाना, शाळा, चर्च, देवळे, धर्मशाळा, दुकाने उभी राहिली. घरांच्या भिंती बऱ्याचशा समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडाच्या आणि चुन्याच्या. मासळी आणि सुकटीचा व्यापार सिलोनशी चाले. यात्रेकरूंचेही येणे होतेच : सेतुस्नान धनुष्कोडीच्या टोकाशी करायचे, आणि काशीयात्रा पुरी करायची तर सेतूची वाळू प्रयागला नेऊन गंगेत सोडायची आणि गंगेचे पाणी रामेश्वराला घालायचे, असा संकेत आहे. आपल्याकडच्या जुन्या काशी-रामेश्वर यात्रेचे दक्षिणेकडचे टोक ते हेच.

माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे बालपण रामेश्वरमला गेले. दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमचा थांबा बंद झाला, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे रामेश्वरम रोड आणि धनुष्कोडी यांच्या दरम्यान धावत्या गाडीतून फेकले जात. ते उचलणाऱ्या चुलत भावाला मदत करून आपण आयुष्यातली पहिली कमाई केली, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. त्यांचे वडील यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेण्या-आणण्यासाठी होडी चालवत असत.

२२ डिसेंबर १९६४

अंदमानच्या दक्षिणेस १७ डिसेंबरच्या सुमारास तयार झालेला कमी दाबाचा पट्टा दोन दिवसांत चक्रीवादळ बनला आणि जवळजवळ सरळ पश्चिमेकडे सरकला. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ एवढे तीव्र वादळ क्वचित होते. २२ तारखेला त्याने उत्तर सिलोन ओलांडले आणि रात्री ते धनुष्कोडीवर आले. वाऱ्याचा वेग ताशी २८० किमी.पर्यंत गेला असावा असा अंदाज दिला जातो. वाऱ्याने दामटलेले समुद्राचे पाणी वाळूची सखल पट्टी ओलांडून थेट आरपार गेले.

त्या रात्री ६५३ क्रमांकाची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर मध्यरात्रीच्या जरा आधी पांबनहून सुटली. गाडीत ११० उतारू आणि ५ रेल्वे कर्मचारी असल्याची नोंद आहे. बिनतिकीट प्रवासी धरून हा आकडा बराच मोठा असावा, असेही मानले जाते. धनुष्कोडी स्थानक थोड्याच अंतरावर असताना सिग्नल मिळेना. सगळीकडे अंधार होता, सिग्नल यंत्रणा वादळाने आधीच निकामी केली होती. प्रचलित हकिकत अशी की चालकाने काही वेळ वाट पाहिली, लांब शिट्टी दिली आणि गाडी पुढे काढली. तेवढ्यात लाट आली. गाडीतले कोणीही वाचले नाही. त्यामुळे चालकाच्या मनात काय आले आणि गाडी थांबलेली होती की चालती, याबद्दल जे सांगितले जाते ते नंतर जुळवलेले आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

आणखी एक दुरुस्ती येथेच केलेली बरी. गाडी पांबनच्या पुलावरून समुद्रात कोसळली, असे अनेक लेखांत आढळते. तसे घडले नाही. पूल त्याच वादळात मोडला खरा, पण ही गाडी पुलावर गेलीच नव्हती; ती बेटावरच्या पांबनहून निघून उलट्या दिशेला, धनुष्कोडीच्या वेशीपर्यंत पोचली होती.

पूल तुटला, तारा तुटल्या, रस्ता तर नव्हताच. त्यामुळे काय घडले आहे हे मुख्य भूमीवर समजायलाही वेळ गेला. वादळातील एकूण मृतांचा आकडा १८०० च्या घरात सांगितला जातो.

नंतरचे निर्णय

रेल्वे खाते त्या वेळी मुंबईचे काँग्रेस पुढारी स. का. पाटील यांच्याकडे होते. पांबन पुलाच्या १४५ गाळ्यांपैकी १२६ गाळ्यांचे गर्डर (लोखंडी तुळया) वाहून गेले होते; उघडणारा मधला गाळा तेवढा शाबूत होता. दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरली, विभागाच्या वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली, आणि ज्या तरुण अभियंत्यावर काम सोपवले त्याने समुद्रात पडलेले गर्डर शोधून, वर काढून, पुन्हा बसवून ४६ दिवसांत पूल चालू केला. हे अभियंते ई. श्रीधरन. पुढे कोकण रेल्वेमुळे महाराष्ट्रात आणि गोव्यात ते घराघरांत माहीत झाले.

पूल झाला तो रामेश्वरमसाठी. मद्रास सरकारने धनुष्कोडी राहण्यास अयोग्य ठरवले, वाचलेल्या लोकांना इतरत्र हलवले आणि रेल्वेने धनुष्कोडीचा मार्ग सोडून दिला. कालचा फाटा मुख्य मार्ग झाला, पांबनचे जंक्शनपण गेले. बोटही रामेश्वरमहून सुटू लागली. तीन-साडेतीन तासांच्या अंतराने का होईना, तलाईमन्नार रामेश्वरमहूनही गाठता येत होते. मग दर पावसाळ्यात वाळू आणि लाटांशी झगडत धनुष्कोडीपर्यंत रूळ राखायचे कशाला, हा हिशेब सरळ होता. पन्नास वर्षांपूर्वी याच हिशेबाने स्थानक उभे केले होते, आता त्यानेच ते मोडीत काढले.

या बोटीने आता उलट दिशेचे प्रवासी येऊ लागले. वादळाच्या दोन महिने आधी, ३० ऑक्टोबर १९६४ रोजी, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमाओ भंडारनायके यांच्यात करार झाला होता. मळ्यांतील भारतीय वंशाच्या, कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्या लोकांपैकी ५,२५,००० जणांना भारताने घ्यायचे होते आणि ३,००,००० जणांना सिलोनने नागरिकत्व द्यायचे होते. ज्यांचे आजे-पणजे धनुष्कोडीहून गेले होते, ती माणसे रामेश्वरमला उतरून मंडपमच्या त्याच छावणीत दाखल झाली. श्रीलंकेतील यादवीमुळे १९८४ मध्ये ही बोटसेवाही थांबली. तलाईमन्नारचा लोहमार्गही युद्धात बंद पडला होता. तो भारताच्या मदतीने पुन्हा बांधला गेला आणि मार्च २०१५ मध्ये तेथे गाडी सुरू झाली. जोडीतले एक स्थानक असे परत चालू झाले.

धनुष्कोडीचेही तसे व्हायचे होते. रामेश्वरम ते धनुष्कोडी असा सुमारे १७ किमी.चा ब्रॉडगेज मार्ग मंजूर होऊन १ मार्च २०१९ रोजी त्याची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज २०८ कोटी रुपये होता. वाळूच्या अस्थिर पट्टीवर, नाजूक किनारी परिसरात हा मार्ग नको, अशी तमिळनाडू सरकारची भूमिका राहिली आणि काम पुढे सरकले नाही. जानेवारी २०२५ मध्ये यावरून गंमत झाली. चेन्नईत पत्रकारांनी रेल्वेमंत्र्यांना मदुराई-तूत्तुकुडी मार्गाबद्दल विचारले. गोंगाटात मंत्र्यांनी ते धनुष्कोडी असे ऐकले आणि राज्याला हा मार्ग नको आहे, असे उत्तर दिले. तूत्तुकुडीचा मार्ग रद्द झाल्याच्या बातम्या छापून आल्या आणि रेल्वेला खुलासा करावा लागला. त्या खुलाशातून धनुष्कोडीच्या मार्गाचे काय झाले हेही सर्वांना कळले.

सद्यःस्थिती

स्थानकाच्या इमारतीच्या काही भिंती आणि पाण्याच्या टाकीचे अवशेष उभे आहेत. गिलावा गळून पडल्याने भिंतींतील पोवळ्याच्या दगडावरची जाळीदार नक्षी हाताला लागते. रुळांचे तुकडे वाळूखाली आहेत. जवळच चर्चचे आणि टपाल कचेरीचे भग्नावशेष आहेत. पर्यटकांची गर्दी चर्चपाशी जास्त, स्थानकाकडे कमी. कोळ्यांची झोपड्यांतून वस्ती आहे. मासेमारीच्या जोडीला शंख-शिंपल्यांच्या माळा आणि तळलेली मासळी विकण्यावर त्यांचे चालते. सरकारी भाषेत राहण्यास अयोग्य ठरलेल्या जागी ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, आणि त्यामुळेच वीज-पाण्याच्या सोयींसाठी त्यांना झगडावे लागते.

२०१७ पर्यंत येथे येण्यासाठी वाळूतून चालणाऱ्या जीपगाड्यांचाच आधार होता. त्या वर्षी जुलैत अरिचलमुनई या टोकापर्यंत डांबरी रस्ता खुला झाला. पांबनचा जुना पूल डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीला बंद झाला आणि ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नव्या पुलाचे उद्‌घाटन झाले. चेन्नई एग्मोर-रामेश्वरम गाडीला तमिळ प्रवासी अजूनही बोट मेलच म्हणतात. रामेश्वरमहून धनुष्कोडीला बस व रिक्षा मिळतात. संध्याकाळनंतर पर्यटकांना तेथे थांबू देत नाहीत.