फेरीला येण्याआधी वाचा: एक प्लेट चौघांत का?

सीएसएमटी ते गिरगाव चौपाटी ही शनिवारची खाद्यफेरी तुम्ही निवडलीत, त्याबद्दल आभार. वडापाव काय, भेळ काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण "माणशी एक प्लेट का देत नाही?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि फेरी रखडते तीही नेमकी तिथेच.

फेरीत थांबे आठ. सीएसएमटीसमोर वडापाव, जवळच्याच गल्लीत पुरीभाजी, क्रॉफर्ड मार्केटपाशी फालुदा, मग झवेरी बाजारच्या खाऊगल्लीत मसाला खिचिया आणि पावभाजी, मुंबादेवीपाशी गरम जिलबी, भुलेश्वरमधून पलीकडे ठाकूरद्वारला पियुष, आणि शेवटी चौपाटीवर भेळ. आता हिशेब करा. अख्खा वडापाव, पुरीभाजीची एक थाळी आणि ग्लासभर फालुदा म्हणजे एका माणसाचं जेवण झालं, आणि पाच थांबे अजून बाकी. त्यातही फालुदा फसवा: सब्जा, शेवया, दूध, वर आइस्क्रीम. ग्लास हलका वाटतो, पण पोटात बसून राहतो. तो आम्ही दोघांत एक देतो, बाकी सगळं चौघांत एक. दुपारचं जेवण एकपर्यंत उरका आणि तेही अर्ध्या पोटीच ठेवा.

मात्र खरा खोळंबा पोटामुळे होत नाही, वेगवेगळ्या ऑर्डरींमुळे होतो. पावभाजीचा तवा कसा चालतो ते पाहिलं असेल. कडेला शिजलेल्या भाजीचा ढीग असतो. त्यातली थोडी मध्ये ओढायची, पाणी, लोणी, मसाला घालून घोटायची, की तीन-चार मिनिटांत दोन-तीन प्लेटी एकदम उतरतात. आठ जणांच्या गटाने "दोन पावभाजी, मध्यम तिखट" एवढंच सांगितलं, तर तो एकच घाणा. पण एकाला जास्त लोणी, एकाला बिनतिखट, एकाला चीज, एकाला जैन असं सुरू झालं की प्रत्येक प्लेट वेगळी घोटावी लागते. जैनसाठी तर तवा खरवडून, पुसून घ्यावा लागतो, नाहीतर वेगळा तवा लागतो. दहा मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं, मागे रोजच्या गिऱ्हाइकांची रांग लागते आणि पुढच्या थांब्यावरची आमची वेळ हुकते. म्हणून तिथे ऑर्डर फक्त आमचा माणूस देतो. कृपया त्याच्या आधी गाडीवाल्याला काही सांगू नका, पैसेही देऊ नका. आठही थांबे शुल्कात आहेत.

यात आमचे पैसे वाचतात, असं काहींना वाटतं. थोडे वाचतात, हे खरं. पण चवीचंही कारण आहे. मसाला खिचिया म्हणजे भाजलेला तांदळाचा पापड, वर कांदा, टोमॅटो, चटणी, शेव. टोमॅटोचं पाणी सुटलं की दोन मिनिटांत तो कातड्यासारखा चिवट होतो. एकट्याने खाल तर शेवटचा निम्मा चिवटच खाल. चार हात लागले तर शेवटचा तुकडाही कुरकुरीत मिळतो. ओल्या भेळेतल्या कुरमुऱ्यांचंही तेच, पावसाळ्यात तर जास्तच, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही सुकी भेळ घेतो. फोटो काढायचा तर बनताना काढा, हातात आल्यावर खा.

जैन खाणाऱ्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत कळवावं. खाऊगल्लीत जैन पदार्थ सहज मिळतात. पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चं केळं असतं, कांदा-लसूण नसतो. अडचण पहिल्या दोन थांब्यांची, कारण तिथे बटाट्याशिवाय काहीच हलत नाही. आधी कळलं तर त्या जागी दुसरं काही ठरवता येतं, पण ऐनवेळी नाही.

"आम्ही पश्चिम रेल्वेवरचे, चर्नी रोडहून उलटं सुरू करा ना," असंही विचारलं जातं. ते जमत नाही. खाऊगल्ली बाजारावर चालते. सोन्या-चांदीच्या पेढ्यांवरची माणसं घरी निघाली की गाड्याही आवरू लागतात. चौपाटी मात्र संध्याकाळनंतरच रंगते. उलटं निघालो तर एकीकडे फार लवकर पोचू, दुसरीकडे फार उशिरा. रविवारी फेरी नसते त्याचंही कारण हेच: झवेरी बाजार आणि काळबादेवी त्या दिवशी बंद. साडेचारला निघतो, दहा मिनिटं थांबतो, त्याहून जास्त नाही. परतायला चौपाटीपासून चर्नी रोड स्टेशन चालत जवळच आहे.

पोट नाजूक असेल तर तव्यावरून किंवा कढईतून थेट ताटलीत येणारं निर्धास्त खा. त्रास बहुतेक वरून पडणाऱ्या गोष्टींनी होतो: चिरून ठेवलेला कांदा, कोथिंबीर, पाण्याने पातळ केलेली हिरवी चटणी. "वरून काही नको" एवढं आमच्या माणसाला सांगा, कोणी वाईट मानत नाही. बर्फाचा गोळा आणि हातगाडीवरचं सरबत आमच्या यादीत नाही. पाण्याची बंद बाटली आम्ही देतो.

एकूण चाल साधारण चार किलोमीटर. भुलेश्वरच्या गल्ल्यांत हातगाड्या अंगावरून जातात, म्हणून पुढून बंद बूट घाला. मोठी पर्स, मुलांची ढकलगाडी आणि स्वतःची चारचाकी आणू नका. गाडी लावायला जागा शोधण्यातच पहिले दोन थांबे जातात.

मांसाहारी मंडळींसाठी रमझानमध्ये वेगळी फेरी असते: मिनारा मशिदीजवळची गल्ली आणि बोहरी मोहल्ला, इफ्तारनंतर. तिथल्या मालपुव्यात अंडं असतं, हे नोंदणी करतानाच लक्षात घ्या. त्या महिन्यात गर्दीमुळे आठऐवजी सहाच जणांचा गट घेतो, त्यामुळे जागा लवकर भरतात. शनिवारची फेरी केलेल्यांना त्या नोंदणीत दोन दिवस आधी कळवतो.