लूपचा वरचा डावा कोपरा

प्रीलोड आणि आफ्टरलोड हे शब्द मुळात हृदयासाठी घडलेलेच नाहीत. ते आले स्नायूंच्या प्रयोगशाळेतून. स्नायूची पट्टी एका टोकाला बांधायची, दुसऱ्या टोकाला वजन टांगायचं. आकुंचनाआधीच जे वजन पट्टीला ताणून ठेवतं ते प्रीलोड. आणखी एक वजन आधाराला टेकलेलं असतं. पट्टी आखडू लागली की मगच त्याचा भार जाणवतो, ते आफ्टरलोड. 'आधीचं' आणि 'नंतरचं', एवढाच मूळ अर्थ.

हृदयात कुठेच वजन टांगलेलं नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हृदयात प्रीलोड म्हणजे आकुंचन सुरू होण्याच्या क्षणी रक्ताने भरून ताणलेलं निलय (हृदयाचा रक्त बाहेर ढकलणारा खालचा कप्पा), आणि आफ्टरलोड म्हणजे रक्त बाहेर ढकलताना त्याच्या भिंतीवर येणारा ताण. आफ्टरलोड म्हणजे रक्तदाब असं सर्रास शिकवलं जातं. कामचलाऊ म्हणून ते ठीक आहे, पण फुगलेल्या, पातळ भिंतीच्या हृदयावर त्याच रक्तदाबाला कितीतरी जास्त ताण पडतो.

हे दोन्ही भार एकत्र दिसतात ते लूपमध्ये: एका ठोक्यात निलयातला दाब उभ्या अक्षावर आणि घनफळ आडव्या अक्षावर मांडलं, की उमटणारी बंद आकृती. या लूपचं घराणं मात्र वेगळंच, वाफेच्या इंजिनाचं. सिलिंडरमधला दाब आणि घनफळ कागदावर आपोआप उमटवणारं यंत्र जेम्स वॉटच्या कारखान्यात 1790च्या दशकात तयार झालं. त्या आकृतीचं क्षेत्रफळ म्हणजे इंजिनाने केलेलं काम. हृदयाच्या लूपचं क्षेत्रफळही कामच सांगतं. फरक दिशेचा: इंजिनाचा लूप घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, हृदयाचा उलटा, कारण हृदय इंजिन नसून पंप आहे.

ही आकृती हृदयाला लावली ओटो फ्रांक या जर्मन शरीरक्रियातज्ज्ञाने. 1895 मध्ये त्याने बेडकाच्या हृदयावर दाखवलं, की जितकं जास्त भरावं तितका (एका मर्यादेपर्यंत) आकुंचनाचा दाब वाढतो. 1899 मध्ये त्याने दाब-घनफळाची आकृती मांडली. लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने 1914च्या सुमारास कुत्र्याच्या हृदय-फुफ्फुस प्रयोगांतून तेच सूत्र पुढे नेलं, आणि दोघांची नावं कायमची जोडली गेली.

फ्रांकच्या आकृतीत एक गाठ उरली होती. आकुंचन संपतं तो बिंदू, म्हणजे लूपचा वरचा डावा कोपरा, एकाच रेषेवर पडत नव्हता. हृदय कोणत्या प्रकारे आकुंचन पावलं यावर त्याची जागा ठरत होती. ही गाठ 1973 पर्यंत तशीच राहिली. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये हिरोयुकी सुगा आणि किइची सागावा यांनी कुत्र्याच्या डाव्या निलयावर दाखवून दिलं, की प्रीलोड-आफ्टरलोड कसेही बदला, हा कोपरा जवळपास एकाच रेषेवर सरकतो. तिचा चढ सांगतो हृदयाची स्वतःची ताकद, कॉन्ट्रॅक्टिलिटी. पुढे ही रेषा थोडी वाकडी असते हे कळलं, पण मूळ कल्पना टिकली.

मला विचाराल तर सगळा विषय या रेषेत आहे. समजण्यापुरते आकडे घेऊ: रेषा 10 मिलीपासून सुरू होते, चढ दर मिलीला 2.5 मिमी पारा. आकुंचनाअखेरचा दाब 100 असेल तर मागे 50 मिली रक्त उरतं. निलय 120 मिलीपर्यंत भरलं असेल, तर बाहेर पडतं 70. आता प्रीलोड वाढवून 140 मिली भरा, दाब तोच ठेवा: कोपरा हलत नाही, लूप फक्त उजवीकडे रुंदावतो, बाहेर पडतं 90. उलट भरणं 120च ठेवून दाब 125 केला, तर कोपरा रेषेवरून वर-उजवीकडे सरकतो, मागे 60 उरतं, बाहेर पडतं 60. लूप उंच आणि अरुंद होतो.

शरीरात हे इतकं सुटंसुटं घडत नाही. मागे उरलेलं रक्त पुढच्या ठोक्याच्या भरण्यात मिसळतं, म्हणून आफ्टरलोड वाढला की पाठोपाठ प्रीलोडही थोडा वाढतो.

माणसात ठोक्या-ठोक्याला घनफळ मोजायचं कसं, ही अडचण होतीच. नेदरलँड्समधल्या लायडनच्या यान बान यांनी 1980च्या दशकात कंडक्टन्स कॅथेटर (निलयात सरकवायची बारीक नळी) पुढे आणला: निलयातल्या रक्तातून किती वीज वाहते, त्यावरून घनफळ काढायचं. रेषा काढायची तर खालच्या महाशिरेत फुगा काही सेकंद फुगवतात. हृदयाकडे येणारं रक्त घटतं, पडद्यावर लूप ठोक्यागणिक लहान होत डावीकडे सरकतात, आणि त्यांचे वरचे डावे कोपरे एका ओळीत लागतात.