आयटमचे वर्णन आणि प्रत्यक्ष गुणधर्म (संगणकीय आरपीजी)

आरपीजी (खेळाडू एखादे पात्र होऊन खेळतो असा गेम) प्रकारच्या गेममधल्या तलवार, अंगठी, काढा अशा प्रत्येक आयटमला दोन अंगे असतात : खेळाडूला दिसणारा मजकूर आणि इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्रॅम) हिशेबात धरते ते आकडे. पुष्कळ गेममध्ये ही दोन्ही वेगळ्या जागी साठवलेली असतात. पॅच (गेममधली दुरुस्ती) आला, आकडा बदलला आणि मजकूर तसाच राहिला, असे त्यामुळे सर्रास होते. भाषांतरित आवृत्त्यांत तर हा मजकूर आणखी मागे पडतो.

‘बाल्डर्स गेट’ (१९९८) या गेमच्या इन्फिनिटी इंजिनमध्ये ही फारकत स्पष्ट दिसते. आयटमच्या फाइलमध्ये वर्णन नसतेच, नुसता क्रमांक असतो. मजकूर एका सामाईक फाइलमधून उचलला जातो. ‘+२’ तलवारीसाठी तीन आकडे वेगवेगळे भरावे लागतात : वार लागण्याच्या शक्यतेतली वाढ, इजेतली वाढ आणि जादूची पातळी. तिसरा भरायचा राहिला, तर एरवी तलवार नीट चालते. पण ज्या राक्षसाला +२ किंवा त्यावरचेच शस्त्र लागते, त्याच्यावर तिचा एकही वार चालत नाही. वर्णनात मात्र ‘+२’ कायम! मॉड (गेममध्ये हौशी लोकांनी केलेले बदल) बनवणाऱ्यांनी तिन्ही रकाने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कधी डेटा बरोबर असतो आणि कोड चुकतो. पहिल्या ‘फायनल फँटसी’त (१९८७) प्रत्येक शस्त्राला क्रिटिकलचा (अधूनमधून लागणाऱ्या जास्त इजेच्या वाराचा) स्वतंत्र आकडा दिलेला आहे, पण कोड त्याऐवजी शस्त्राचा यादीतला क्रमांक वाचतो, साहजिकच यादीत खाली असलेली शस्त्रे जास्त क्रिटिकल मारतात. ‘पोकेमॉन’च्या पहिल्या पिढीत डायर हिट हा आयटम वापरल्यावर क्रिटिकलची शक्यता वाढायला हवी, ती उलट चौथाईवर येते.

वर्णन खोटे नसून अपुरे असण्याचा प्रकार जास्त आढळतो. ‘स्कायरिम’मध्ये (२०११) चिलखताचा प्रत्येक गुण ०.१२ टक्के इजा कमी करतो आणि कमाल मर्यादा ८० टक्के आहे. या हिशेबाने ६६७ गुण लागायला हवेत. प्रत्यक्षात ढालीशिवाय चारही भाग अंगावर असतील तर ५६७ पुरतात, कारण दर भागामागे २५ गुण छुपे मिळतात. पडद्यावर हे कुठेच दिसत नाही. टक्क्यांचेही तसेच : मूळ शक्यता ५ टक्के असताना ‘१० टक्के वाढ’ म्हणजे १५ की ५.५, हे वर्णनावरून कळत नाही.

खरे काय ते मोजूनच कळते. समजा, नागपुरात तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या बडग्या-मारबतीच्या मिरवणुकीवर छोटा गेम बनतो आहे आणि त्यात तर्री-पोह्यांची प्लेट ‘आरोग्य +२०’ देते. आधी गेम सेव्ह करावा, बाकी सगळे बफ (ताकद तात्पुरती वाढवणारे परिणाम) उतरवावेत आणि आरोग्य १०० पैकी ४० वर आणून मग प्लेट वापरावी. ९० वर असताना वापरली तर कमाल मर्यादेमुळे १०च वाढेल आणि नसलेला बग सापडल्यासारखे वाटेल. ४० वरून ५५ झाले तर कठीणपातळीचा ०.७५ गुणक मध्ये आला का, ते पाहावे. सोप्या पातळीवर पुन्हा मोजले की उलगडा होतो. छोट्या आकड्यांत राउंडिंगही फसवते : ३ इजेवर १० टक्के वाढ म्हणजे ३.३, आणि अपूर्णांक कापला तर वाढ शून्य.

शक्यतेवर चालणाऱ्या गुणधर्माला धीर लागतो. ‘१० टक्के वेळा आग लागते’ अशा शस्त्राचे २० वार कोरडे जाण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते, म्हणून तेवढ्यावर निकाल देणे चूकच. ३०० वार मोजावेत. २० ते ४० वेळा आग लागली तर वर्णन बरोबर धरायला हरकत नाही.

गेम बनवणाऱ्यांनी वर्णनात आकडा हाताने टाइप करू नये. ‘स्कायरिम’च्या जादू-परिणामांच्या मजकुरात आकड्याच्या जागी खूण असते आणि गेम चालताना तिथे डेटामधला आकडा येऊन बसतो. पोह्यांचे २० उद्या १५ केले, तरी मजकूर आपोआप बदलतो. मात्र कठीणपातळीचा गुणक कोडमध्ये नंतर लागत असेल, तर ही खूणही मूळ आकडाच दाखवते; तिला गुणक लावल्यानंतरची किंमत पुरवावी लागते.